गुन्हेगाराच्या मनाचा प्रबंध कोण लिहिणार?

इस्लापूर, किनवट, हिमायतनगर या पट्ट्यातील आमची मुले-मुली आज एल.एल.एम., मानसशास्त्र, समाजकार्य शिकत आहेत. ही बाबासाहेबांची पुण्याई आहे. पदवीसाठी त्यांना लघुशोधप्रबंध लिहावा लागतो आणि काहीजण 'गुन्हेगारी मानसशास्त्र आणि न्याय' हा विषय घेतात. पण लिहितात काय? परदेशी पुस्तकातील व्याख्या उतरवायच्या, शंभर पाने भरायची, बाइंडिंग करून मोकळे व्हायचे. पदवी मिळते, तुरुंगात सडणाऱ्या आपल्या माणसाच्या पदरात काय पडते?

या शास्त्राचा जन्मच आमच्या विरोधात झाला आहे. १८७१ मध्ये इंग्रजांनी गुन्हेगार जमाती कायदा करून अख्ख्या जमाती जन्मजात गुन्हेगार ठरवल्या. १८७६ मध्ये इटलीच्या लोंब्रोसोने चेहऱ्यावरून गुन्हेगार ओळखण्याचे 'शास्त्र' मांडले. आमच्याकडे तर मनुवादी व्यवस्था जन्मावरून माणसाची लायकी आधीच ठरवत आली होती! १९५२ मध्ये तो कायदा रद्द झाला; पोलीस ठाण्यातील मानसिकता रद्द झाली काय? लातूर जिल्ह्यातील धनेगावच्या लक्ष्मण गायकवाडांचे 'उचल्या' १९८७ मध्ये आले. भूक आणि पोलिसी मार यातून 'गुन्हेगार' कसा घडवला जातो, हे कोणत्याही विद्यापीठाच्या आधी त्यांनी सांगितले.

एक खटला पाहा. नाशिक जिल्ह्यातील २००३ च्या दरोडा, बलात्कार व खून प्रकरणात भटक्या जमातीतील सहा गरीब मजूर आरोपी झाले. २००९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सहाही जणांना फाशी सुनावली. ५ मार्च २०१९ रोजी त्याच न्यायालयाने सहाही जणांना निर्दोष सोडले. बचावलेल्या साक्षीदाराने सुरुवातीलाच पोलिसांच्या अल्बममधून चार वेगळ्याच इसमांचे फोटो ओळखले होते. त्यांच्यावर खटलाच भरला गेला नाही. न्यायालयाने प्रत्येकी ५ लाख रुपये भरपाई द्यायला लावली. सोळा वर्षांची किंमत ५ लाख! आणि ज्या कुटुंबाची माणसे गेली, त्यालाही न्याय मिळाला नाही. आता सांगा, या खटल्यात अभ्यास कोणाच्या मनाचा व्हायला हवा? आरोपीच्या, की त्याला पकडणाऱ्यांच्या?

संशोधन निकाल बदलू शकते. दिल्लीच्या राष्ट्रीय विधी विद्यापीठाच्या २०१६ च्या अहवालाने दाखवले, की फाशीच्या कैद्यांपैकी सुमारे ७६ टक्के मागासवर्गीय व धार्मिक अल्पसंख्याक आहेत. त्याच विद्यापीठातील चमूने २०२१ मध्ये फाशीच्या ८८ कैद्यांचा मानसिक अभ्यास मांडला, त्यांतील ६२.२ टक्के मानसिक आजाराने ग्रस्त निघाले. मे २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने मनोज विरुद्ध मध्य प्रदेश राज्य या निकालात सांगितले, की फाशीचा विचार करण्यापूर्वी आरोपीचा मानसिक अहवाल, बालपण, शिक्षण, कौटुंबिक हलाखी न्यायालयापुढे आलीच पाहिजे. हे काम करणारी प्रशिक्षित माणसे जिल्ह्याच्या ठिकाणी किती आहेत?

म्हणून आमचे विद्यार्थ्यांना सांगणे आहे, की विषय आपल्या मातीतला घ्या. साक्षीदाराची आठवण पोलीस ठाण्यात कशी बदलते? ओळखपरेड कशी होते? गोंड, कोलाम आरोपीला त्याचा जबाब त्याच्या बोलीत समजावला जातो का? अॅट्रॉसिटीच्या खटल्यात फितूर साक्षीदारावर गावाचे कोणते दडपण असते? निकालपत्रे मिळवा, वाचा. तुरुंगात भेटीसाठी रीतसर परवानगी घ्या. ज्याची मुलाखत घ्याल त्याची संमती घ्या, नाव गुप्त ठेवा. त्याचे दुःख हे तुमच्या मार्कांचे साधन नव्हे. आणि पीडिताला विसरू नका. गुन्हेगाराला समजून घेणे म्हणजे गुन्ह्याला माफी देणे नव्हे.

तथागतांनी अंगुलिमालाच्या हातातील शस्त्र पाहिले, तसा त्यामागचा माणूसही पाहिला. माणूस बदलू शकतो, हा धम्माचा सिद्धांत आहे. माणूस जन्मानेच गुन्हेगार असतो, हा मनूचा. आपला प्रबंध यांपैकी कोणत्या बाजूने उभा राहणार, हे लेखणी उचलतानाच ठरवा. आमच्यावर इतरांनी पुष्कळ लिहिले. आता आमच्या लेकरांनी लिहावे आणि ते न्यायालयात वाचले जावे!