तमाशा रात्रभर का चालायचा?

ज्यांचा इयरफोन एसटीत हरवला, किंवा ज्यांना ऐकण्यापेक्षा वाचणं बरं वाटतं, त्यांच्यासाठी हा या आठवड्याचा भाग लिहून काढलाय. बोलताना मी जेवढ्या वेळा 'म्हणजे' म्हणालो त्यातले निम्मे काढले, बाकी राहू दिलेत.

आमचं गाव मंचरपासून सहा-सात किलोमीटरवर. चैत्रात यात्रा. दिवसा घाटात बैलगाडे, रात्री तमाशा. मी शुक्रवारी ऑफिस संपवून हिंजवडीतून निघालो आणि कनातीत आजोबांच्या शेजारी जाऊन बसलो. लावणी सुरू झाली तसा मोबाईल वर केला, तीन मिनिटांचा झकास व्हिडिओ घेतला, ग्रुपवर टाकला आणि दमलो होतो म्हणून घरी जाऊन झोपलो. सकाळी चहा पिताना आजोबांना तो व्हिडिओ दाखवला. त्यांनी चष्मा लावून बघितला आणि म्हणाले, "आरं, ही तर वगात आई झाली व्हती. पोराला तुरुंगात भेटायला जाती ती. काय बोलली बाई! माझ्या पुढचे दोघं-तिघं रडत व्हते."

मला हे काहीच माहीत नव्हतं. माझ्याकडे तिचा एचडी व्हिडिओ होता आणि ती रात्री कोण होती ते मला ठाऊक नव्हतं. आजचा भाग त्यावर आहे. नाच, गोष्ट आणि ऋतू या तिन्हींचा तमाशात एकमेकांशी काय संबंध होता, आणि तो तुटला की नेमकं काय बिघडतं?

आधी ऋतूबद्दल. तमाशाला निसर्गाचं कॅलेंडर असतं हे बऱ्याच जणांच्या लक्षात येत नाही. फड बाहेर पडतात दसऱ्याच्या सुमारास आणि वैशाखात परत येतात. पावसाळ्यात तमाशा नाही. कारण साधं आहे. तमाशाला थिएटर लागत नाही, रिकामं वावर लागतं. गहू-हरभरा निघालेला असतो, कांदा काढून झालेला असतो, हातात थोडे पैसे असतात आणि पुढच्या पेरणीला वेळ असतो. मग गावोगावच्या भैरवनाथाच्या, खंडोबाच्या, मुक्ताबाईच्या यात्रा लागतात. जिथे महिन्यापूर्वी पीक उभं होतं तिथे कनात उभी राहते. पाऊस आला की वावर परत शेतीला जातं, आणि फडातले बरेच कलाकारही मजुरीला जातात.

वाद्यांचंही तेच. ढोलकी आणि हलगी ही कातड्याची वाद्यं. दमट हवेत कातडं सैल पडतं आणि सूर उतरतो. म्हणून हलगीवाला वाजवण्याआधी हलगी जाळावर शेकून घेतो. इंजिनिअर मंडळींसाठी सांगतो, ताणलेल्या पडद्याचा सूर ताणाच्या वर्गमुळाप्रमाणे चढतो. सूर दुप्पट करायचा तर ताण चौपट लागेल. हलगीवाल्याने हे सूत्र कधी पाहिलेलं नसतं. तो टिचकी मारून ऐकतो, परत जाळावर धरतो आणि बरोबर जागी थांबतो. आता फायबरच्या हलग्या आल्यात, त्यांना शेकावं लागत नाही. सोय झाली, हे खरंच आहे. पण थंडीच्या रात्री कनातीमागच्या त्या जाळाभोवती पोरं जमायची, तेही गेलं.

या सगळ्याचं मुख्य ठिकाण आपल्यापासून अर्ध्या तासावर आहे. मंचरहून नाशिक हायवेने निघालात की कळंब, घोड नदी, आणि पुढे मीनेकाठचं नारायणगाव. त्याला तमाशापंढरी म्हणतात. उन्हाळ्याच्या तोंडाला तिथे फडांच्या राहुट्या पडतात. प्रत्येक राहुटीवर फडमालकाच्या नावाचा बोर्ड, आत एक टेबल आणि तारखांची वही. गावोगावचे यात्रा कमिटीवाले येतात, तारीख बघतात, घासाघीस करतात आणि सुपारी देऊन जातात. सगळ्यात जास्त गर्दी गुढीपाडव्याला. याच नारायणगावाजवळ खोडदला तीस प्रचंड डिशची रेडिओ दुर्बीण आहे, जी आकाशातले अगदी क्षीण आवाज टिपते. एका बाजूला आकाश ऐकणारे, दुसऱ्या बाजूला ढोलकी. मला हे शेजारपण फार आवडतं. असो.

आता तमाशाची रचना. फडात दोन प्रकार असतात. संगीत बारीत मुख्यतः लावणी, आणि ती थिएटरात होते. ढोलकी फड हा आपल्या भागातला, गावोगाव फिरणारा. त्याची सुरुवात ढोलकी, हलगी, तुणतुणं आणि झांज यांच्या सलामीने होते. मग गण, म्हणजे गणपतीला नमन. मग गौळण. मथुरेच्या बाजाराला दूध-लोणी घेऊन निघालेल्या गवळणी, त्यांची वाट अडवणारा कृष्ण, बोबडा पेंद्या, आणि पुरुषाने रंगवलेली मावशी. मग बतावणी, म्हणजे सोंगाड्याच्या कोट्या, ज्यात त्या गावच्या सरपंचापासून दिल्लीपर्यंत कोणीच सुटत नाही. मधे लावण्या. आणि शेवटी वग, म्हणजे गोष्ट.

हा क्रम बारकाईने बघा. आधी नुसता ठेका, ज्याला शब्दच नाहीत. मग देव, मग चेष्टा, मग शृंगार, आणि सगळ्यात शेवटी, रात्र बरीच उलटल्यावर, माणसाचं दुःख. प्रेक्षक आधी अंगाने आत येतो. पाय ठेका धरतो, हात टाळी वाजवतो, कोणी शिट्टी मारतो, कोणी फेटा उडवतो. तासाभराने अनोळखी पाचशे माणसं एकाच वेळी हसायला लागतात. मग त्यांच्यापुढे गोष्ट ठेवली जाते. उमाजी बाबाजी सावळजकर यांचा १८६५ सालचा 'मोहना बटाव' हा पहिला वग मानला जातो. पुढे कितीतरी झाले, ऐतिहासिक, पौराणिक, दरोडेखोरांचे, हुंड्यावरचे. पुष्कळदा लिखित संहिता नसायचीच. गोष्टीचा सांगाडा ठरलेला, संवाद जागेवर उत्स्फूर्त. समोरचा प्रेक्षक कसा आहे त्यावर वग लांबायचा किंवा आटोपायचा. कधीकधी पहाट व्हायची.

एकत्र हलण्याने माणसाला काय होतं यावर शास्त्रज्ञांनीही काम केलंय. २०१५ साली ऑक्सफर्डच्या संशोधकांचा एक अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यांनी ब्राझीलमधल्या शाळकरी मुलांना गट करून नाचायला लावलं. काही गट एकाच तालात एकसारखे नाचले, काही वेगवेगळे. आधी आणि नंतर मुलांच्या दंडाला बीपी मोजायचा पट्टा बांधून तो घट्ट करत नेला आणि कुठवर सहन होतं ते पाहिलं. जे एका तालात नाचले त्यांची वेदना सोसण्याची ताकद वाढली, आणि आपल्या गटाबद्दल त्यांना जवळीकही जास्त वाटू लागली. जोर लावून नाचण्याचाही असाच परिणाम दिसला, आणि हे दोन्ही परिणाम एकमेकांवर अवलंबून नव्हते. मागे शरीरात तयार होणारी एंडॉर्फिन असावीत, असा त्यांचा अंदाज.

पालघरकडच्या वारली पाड्यांवर हे आधीपासून जगतात. तुम्ही वारली चित्रात तो गोल गोल वळत जाणारा नाच पाहिला असेल. मधे तारपावाला, त्याच्याभोवती हातात हात गुंफलेली माणसं. तारपा हे वाळलेल्या भोपळ्याचं आणि बांबूचं वाद्य, आणि नाचाचा हंगाम भातकापणीनंतरचा. जिव्या सोमा मशे यांनी हे चित्र झोपडीच्या भिंतीवरून कागदावर आणलं आणि जगभर नेलं. २०११ साली त्यांना पद्मश्री मिळाली. त्या चित्रात प्रेक्षक शोधून बघा. बहुतेक सगळे नाचणाऱ्यांतच असतात.

तमाशात तसं नाही, आणि इथेच मला अवघड वाटायला लागतं. तमाशात काही जण नाचतात आणि बाकीचे बघतात. बघणाऱ्यांचा आनंद खरा असतो. पण त्या आनंदाचा भार कोणाच्या शरीरावर पडतो? फडातली बहुतांश माणसं मांग, महार, कोल्हाटी अशा समाजांतली. रात्री गाव त्यांच्यासाठी फेटे उडवायचं आणि सकाळी पाणी प्यायला त्यांना वेगळी जागा दाखवायचं.

विठाबाई नारायणगावकर हे नाव तुम्ही ऐकलं असेलच. जन्म १९३५, पंढरपूरचा. वडील भाऊ आणि चुलते बापू यांचा भाऊ-बापू मांग नारायणगावकर हा गाजलेला फड. विठाबाई त्यातच वाढल्या, पुढे तमाशासम्राज्ञी झाल्या. १९५७ आणि १९९० अशी दोनदा त्यांना राष्ट्रपतींच्या हस्ते पदकं मिळाली. शेवटचे दिवस मात्र हलाखीत गेले. २००२ साली त्या वारल्या. त्यानंतर चार वर्षांनी राज्य सरकारने त्यांच्या नावाचा जीवनगौरव पुरस्कार सुरू केला.

त्यांची एक गोष्ट सगळीकडे सांगितली जाते. नऊ महिने भरलेले असताना त्या फडावर नाचत होत्या. मधेच कळा सुरू झाल्या. त्या मागे गेल्या, बाळंत झाल्या, दगडाने नाळ तोडली, आणि परत येऊन उभ्या राहिल्या. ही गोष्ट दरवर्षी महिला दिनाला फॉरवर्ड होते, खाली 'सलाम या जिद्दीला'. मला त्या सलामाचा थोडा राग येतो. सुपारी घेतलेली, फडाची पोटं तिच्यावर, आणि मधे थांबायची कसलीही सोय नाही. याला नुसती जिद्द म्हणून मोकळं होणं आपल्याला सोयीचं आहे.

पण या गोष्टीचा शेवट बहुतेक फॉरवर्डमधून गळून पडतो. विठाबाई परत आल्या तेव्हा समोरच्या लोकांना कळलं. मघाशी पोटुशी दिसणारी बाई आता तशी दिसत नाही, हे त्यांच्या ध्यानात आलं, आणि त्यांनीच खेळ थांबवला. तिला आराम करा म्हणाले.

मी हे खूप वेळा मनात घोळवलंय. ते लोक काही संत नव्हते. शिट्ट्या मारायला आलेलेच होते. पण तासन् तास एका माणसाकडे बघत बसलं, तिच्या ठेक्यावर पाय हलवले, तिच्या कोट्यांना हसलं, की तिच्यातला बदल दिसतो. माझ्या तीन मिनिटांच्या व्हिडिओत तो दिसला नसता. तो व्हिडिओ बघणाऱ्या कोणालाही खेळ थांबवता आला नसता.

आता सध्याचं. रात्री दहा ते सकाळी सहा लाऊडस्पीकर बंद, हा ध्वनिप्रदूषणाचा नियम २००० सालापासून आहे. नियम चुकीचा म्हणत नाही मी. आमच्या आळीत गणपतीत डीजे लागला की आज्जीचं घर हादरतं. पण पहाटेपर्यंत चालणाऱ्या खेळाला दोन-तीन तासांत बसवायचं म्हटल्यावर कात्री लागते वगालाच, कारण तो शेवटी असतो. लोकांना सिनेमाची गाणी हवी असतात, त्यांना वेळ दिला जातो. आमच्या यात्रेत वग जेमतेम अर्ध्या तासात उरकला. त्यातही ती बाई आजोबांच्या पुढच्या रांगेला रडवून गेली, हे विशेष. गोष्ट कापली की नाच उरतो, नाच कापला की कंबर उरते, आणि ती रीलमध्ये बरोबर मावते. मग लोक म्हणतात, तमाशा अश्लील झालाय. कात्री कोणाच्या हातात होती ते कोणी विचारत नाही. माझ्याही हातात होती.

आणि मधे ती दोन वर्षं. २०२० चा गुढीपाडवा २५ मार्चला होता. लॉकडाऊनचा पहिला दिवस तोच. वर्षभराच्या सुपाऱ्यांचा सगळ्यात मोठा दिवस नेमका तोच निघाला. पुढच्या वर्षी पाडवा १३ एप्रिलला आला आणि १४ च्या रात्रीपासून राज्यात पुन्हा कडक निर्बंध. मोठ्या फडात शंभरएक माणसं असतात, कलाकार, वादक, ड्रायव्हर, कनात ठोकणारे, स्वयंपाकी. हंगामाआधी कलाकारांना उचल दिलेली असते, ती फडमालकाने बहुधा कर्ज काढून दिलेली असते. आम्ही त्या दोन वर्षांत घरून काम करत होतो आणि पगार पहिल्या तारखेला येत होता. ढोलकीवाल्याला घरून काय करता येणार होतं?

आजोबांना मी विचारलं, तुम्हाला लहानपणी पाहिलेला कुठला वग आठवतो का? त्यांनी मला चाळीस मिनिटं गोष्ट सांगितली. राजा, त्याची दोन पोरं, खोटा आळ, जंगलातली भेट. मधे मधे हाताने मांडीवर ठेका धरत होते. नाव विचारलं तर आठवेना. कोण नाचायचं तेही आठवेना. गोष्ट मात्र वाक्यावाक्याने येत होती, आणि एका ठिकाणी त्यांनी आवाज बदलला, राणीचा काढला. आज्जी आतून म्हणाली, "ह्यांना गोळी घ्यायची आठवण राहत नाही, पण हे बरं राहतं."

ते रेकॉर्डिंग ऑडिओच्या शेवटी जोडलंय. आवाज थोडा बारीक आहे आणि मागे कुकरच्या शिट्ट्या आहेत. तो तीन मिनिटांचा व्हिडिओ मी ग्रुपवरून काढला. पुढच्या पाडव्याला नारायणगावला राहुट्या बघायला जाणार आहे, आजोबांना घेऊन. कोणाला यायचं असेल तर कळवा, गाडीत दोन जागा आहेत.