विश्लेषण : ढगांतून उतरताना ऑटोपायलटवर किती विसंबावे?

छोट्या विमानांतही आता ऑटोपायलट सर्रास असतो. ढगांत एकट्या वैमानिकाचा भार तो हलका करतो. मात्र तोच कधी धोक्याची चाहूलही झाकतो.

इन्स्ट्रुमेंट अप्रोच म्हणजे काय?

धावपट्टी दिसत नसताना उपकरणांच्या आधारे खाली येण्याची ही पद्धत. ‘आयएलएस’मध्ये एक रेडिओ संकेत धावपट्टीची मध्यरेषा दाखवतो, तर दुसरा साधारण ३ अंशांचा उतार. ‘कॅट-१’ प्रकारात सहसा जमिनीपासून २०० फुटांवर निर्णय घ्यावा लागतो. दिवे किंवा धावपट्टी दिसली तर उतरायचे, अन्यथा पुन्हा वर जायचे.

धोका कुठे?

बहुतेक छोट्या विमानांत ऑटोपायलट दिशा आणि उंची सांभाळतो, इंजिनाची शक्ती नाही. ती कमी पडली तर उतार राखण्यासाठी तो नाक वर उचलत राहतो आणि वेग घटत जातो. वैमानिकाचे लक्ष नसेल तर विमान ‘स्टॉल’ होते, म्हणजेच पंखांची उचलशक्ती ढासळते.

१९९७ मध्ये काय घडले?

९ जानेवारी १९९७ रोजी सिनसिनाटीहून डेट्रॉइटला निघालेले कॉमएअरचे एम्ब्रेअर-१२० विमान उतरण्याच्या तयारीत असताना मिशिगनमधील मन्रोजवळ कोसळले. विमानातील सर्व २९ जणांचा मृत्यू झाला. पंखांवर बर्फाचा पातळ, खरखरीत थर बसला होता आणि वेग कमी होता. डावीकडे वळताना विमान अधिकाधिक कलत होते. ऑटोपायलट ते रोखू पाहत होता, पण ही झटापट वैमानिकांच्या हातांना जाणवत नव्हती. कल ४५ अंशांपलीकडे जाताच ऑटोपायलट आपोआप सुटला आणि बिघडलेले विमान अचानक त्यांच्या हाती आले. तपास यंत्रणेने मुख्य ठपका बर्फासंबंधीच्या अपुऱ्या प्रमाणन निकषांवर ठेवला. बर्फाळ हवेत कमी वेगाने उडण्याचा वैमानिकांचा निर्णयही कारणीभूत ठरवला.

नियम काय सांगतात?

अमेरिकेत उपकरणांच्या आधारे उड्डाण करणाऱ्याला मागील ६ महिन्यांत असे ६ अप्रोच केलेले असावे लागतात. जानेवारी २०१३ मध्ये तेथील हवाई प्रशासनाने योग्य वेळी हाताने उड्डाण करण्यास प्रोत्साहन द्यावे, असे विमान कंपन्यांना सुचवले.

मग उपाय कोणता?

ऑटोपायलट वापरावा, पण तो कोणत्या ‘मोड’मध्ये आहे हे प्रत्येक टप्प्यावर वाचावे. वेगावरची नजर हटवू नये. बर्फाची शक्यता असेल तर तो काढून विमान हाताने उडवावे. यंत्र सुटेल त्या क्षणी विमान सांभाळता येईल, एवढा सराव मात्र हवाच.