शिक्षा कठोर हवी की अटळ?

हुडकेश्वर हे एके काळी नागपूरच्या वेशीबाहेरचे खेडे. २०१३ साली ते महानगरपालिकेच्या हद्दीत आले आणि शेतांच्या जागी लेआउट पडले. निवृत्त शिक्षकांनी व कारकुनांनी आयुष्याची पुंजी घालून तेथे घरे बांधली, ती मुलाबाळांच्या भल्यासाठी. त्याच मुलांच्या खिशात गांजाची पुडी अथवा ‘एमडी’ची भुकटी सापडली, तर ‘विकणाऱ्यांना फासावर चढवा’ असा उद्गार बापाच्या तोंडून निघावा, यात नवल ते काय? हा संताप आम्ही जाणतो; परंतु संताप म्हणजे न्याय नव्हे.

आपला कायदा सौम्य आहे, हा समजच मुळी चुकीचा आहे. १९८५ च्या अमली पदार्थविरोधी कायद्यानुसार वीस किलोहून अधिक गांजा बाळगणाऱ्यास किमान १० व कमाल २० वर्षे सक्तमजुरी, शिवाय १ ते २ लाख रुपये दंड होतो. ‘एमडी’च्या, म्हणजे मेफेड्रोनच्या बाबतीत हीच शिक्षा ५० ग्रॅमची मर्यादा ओलांडताच लागू होते. अशा खटल्यांत जामीनही सहजासहजी मिळत नाही. काही गंभीर गुन्हे पुन्हा करणाऱ्यास तर मृत्युदंड सक्तीचा होता. ती सक्ती मुंबई उच्च न्यायालयाने २०११ साली घटनाविरोधी ठरविली. पण फाशी देण्याचा अधिकार न्यायाधीशास आजही आहे. याहून कठोर काय हवे?

उणीव आहे ती निराळ्या ठिकाणी. गांजा एक किलोपर्यंत असेल तर कमाल शिक्षा एक वर्षाची, वीस किलोहून अधिक असेल तर किमान दहा वर्षांची. म्हणजे आरोपीचे भवितव्य तराजूच्या काट्यावर ठरते. म्हणूनच अंगझडतीपूर्वी, दंडाधिकारी वा राजपत्रित अधिकारी यांच्यासमोर झडती देण्याचा हक्क त्यास सांगावा लागतो. तो न सांगता घेतलेल्या झडतीवर दोषसिद्धी उभी राहू शकत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने १९९९ सालीच बजावले आहे. मुद्देमालाचे नमुने दंडाधिकाऱ्यासमोर घ्यावयाचे असतात. ही कलमे गुन्हेगारास पळवाट म्हणून ठेवलेली नाहीत. निरपराध्याच्या खिशात पुडी टाकणाऱ्या हातास ती आवर घालतात. जेथे पंचनामा घाईने उरकला जातो, तेथे खरा विक्रेताही संशयाचा फायदा घेऊन सुटतो आणि दुप्पट उजळ माथ्याने गल्लीत वावरतो. अशा वेळी पुस्तकातील वीस वर्षे वीस मिनिटांचीही धास्ती घालीत नाहीत.

विकणारा आणि व्यसनात रुतलेला, यांतही कायदा भेद करतो. अल्प प्रमाणात पदार्थ बाळगणारा व्यसनी स्वेच्छेने उपचारास तयार झाला, तर कलम ६४-अ त्यास खटल्यापासून अभय देते. ही सोय किती पालकांस ठाऊक आहे? मुलगा पकडला जाईल या भीतीने घरोघरी रोग दडवला जातो आणि विक्रेत्याचे गिऱ्हाईक मात्र कायम राहते.

फाशीची मागणी करणे सोपे आहे. नागरिकांनी त्याहून अवघड मागणी करावी: काटेकोर पंचनामा, रासायनिक पृथक्करणाचा वेळेवर अहवाल आणि खटल्याचा शीघ्र निकाल. गुन्हेगार शिक्षेच्या लांबीला भीत नाही. ती चुकणार नाही, या खात्रीला भितो.