मूतखड्याचा ‘शॉक’: करंट नव्हे, पाण्यातून जाणारी लाट

या पानावर आपण एरवी कांद्याचा करपा, मक्यावरची लष्करी अळी, माती परीक्षण अशा गोष्टी बोलतो. आजचा विषय पिकाचा नाही, पीक काढणाऱ्या माणसाच्या कमरेतल्या कळेचा आहे. केडगाव, नेप्ती, सोनेवाडी, अरणगाव या पट्ट्यात कुठल्याही बांधावर घटकाभर बसा, मूतखड्याची गोष्ट निघतेच. आणि ती निघाली की कुणीतरी म्हणतोच, “डॉक्टर शॉक द्यायचा म्हणतात. आपल्याला नाही बुवा करंट घ्यायचा.” एवढ्या एका शब्दाच्या धाकानं माणसं कळ दाबून हंगाम काढतात. दुखलं की गोळी, थांबलं की पुन्हा वावर. म्हणून हा शॉक म्हणजे नेमकं काय, तो कुणाला उपयोगी, कुणाला नाही, ते आज सविस्तर पाहू.

नावाचा घोटाळा

या उपचारात अंगातून वीज जात नाही, ही गोष्ट आधी मनात पक्की करा. इंग्रजीत दाबाच्या जोरदार लाटेलाही शॉक म्हणतात आणि विजेच्या झटक्यालाही शॉकच म्हणतात. गोंधळ तिथं आहे. खाणीत सुरुंग उडाला की लांबच्या घराच्या खिडक्या थरथरतात. तिथं दगड पोहोचत नाही, हवेतून आणि जमिनीतून दाबाची लाट पोहोचते. आपली लाट त्याच जातीची, फक्त मोजून-मापून सोडलेली.

गंमत म्हणजे हा घोटाळा ज्यांनी यंत्र बनवलं त्यांचाही झाला होता. जर्मनीत विमानं बनवणारी डॉर्निये नावाची कंपनी होती. आवाजापेक्षा वेगानं जाणाऱ्या विमानावर पावसाचे थेंब आपटले तर पत्र्याला खड्डे पडतात, त्याचा अभ्यास तिथं १९६० च्या दशकात चालू होता. प्रयोगात एका माणसाचा हात नेमका माऱ्याच्या क्षणी त्या वस्तूला लागला आणि त्याला विजेचा झटका बसल्यासारखं वाटलं, असं सांगतात. तपासलं तर वीज कुठंच नव्हती. दाबाची लाट त्याच्या अंगातून गेली होती आणि कातडीला इजाही नव्हती. लाट मऊ अंगातून जाते, तर तिनं आतला खडा फोडता येईल का, असा विचार मग पुढे आला. ७ फेब्रुवारी १९८० रोजी म्युनिकमध्ये डॉ. ख्रिश्चन शॉसी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पहिल्या रुग्णाचा खडा अशा लाटांनी फोडला. १९८४ च्या डिसेंबरात अमेरिकेनंही यंत्राला मान्यता दिली. त्याआधी मोठ्या खड्यासाठी कमरेपाशी भलामोठा छेद घ्यावा लागे.

खडा फुटतो कसा?

लहानपणी भिंगानं ऊन एका ठिपक्यावर गोळा करून कागद जाळला असेल. ऊन सगळीकडे सारखंच, पण जळतं ते ठिपक्यापुरतं. यंत्र तसंच काम करतं. लाट शरीराबाहेर तयार होते. काही यंत्रांत ती पाण्याखाली ठिणगी पाडून करतात, मोटारसायकलच्या प्लगसारखी. मग वाटीसारख्या आरशावरून वळवून ती बरोबर खड्यावर एकवटतात. आपल्या अंगात बहुतांश पाणीच, त्यामुळे लाट मांसातून फारशी अडत नाही. खडा कठीण, तिथं ती आदळते. एका माऱ्यानं काही होत नाही. मिनिटाला साधारण ६० ते ९० या गतीनं दोन-तीन हजार मारे देतात. घणाचे घाव बसत राहिले की दगडाला चीर जाते, तसा खडा तडकतो आणि त्याची वाळू होते. ती लघवीवाटे पडते.

सुरुवातीच्या यंत्रात रोग्याला पाण्याच्या टबात बसवत. आता पाण्यानं भरलेली उशी पाठीला टेकवतात, मध्ये जेल लावतात. काम तास-पाऊण तासाचं. पाठीवर टिचक्या मारल्यासारखं दुखतं, म्हणून दुखणं कमी करणारं औषध किंवा गुंगी देतात. बहुतेक जण त्याच दिवशी घरी जातात. नंतर एक-दोन दिवस लघवी तांबूस होते, वाळू पडताना कळही येते. त्यात घाबरण्यासारखं नाही.

प्रत्येक खड्याला चालत नाही

एकच औषध सगळ्या किडींना चालत नाही, हे तुम्हाला मी सांगायला नको. इथंही तसंच आहे. पाच मिलिमीटरपेक्षा लहान खडा पुष्कळदा आपोआप पडतो, डॉक्टर काही आठवडे वाट पाहायला सांगतात. मूत्रपिंडातला दोन सेंटिमीटरपर्यंतचा खडा लाटांनी फोडता येतो. त्याहून मोठा असेल तर पाठीतून बारीक भोक पाडून दुर्बिणीनं काढणं बरं. मूत्रपिंडाच्या खालच्या कप्प्यातला खडा फुटला तरी वाळू वर चढून बाहेर यायला अडते, म्हणून तिथं एक सेंटिमीटरच्या पुढं लाटेचा भरवसा कमी. काही खडे फारच टणक असतात, ते सीटी स्कॅनमध्ये कळतं. अंग जाड असेल तर लाट खड्यापर्यंत पोहोचेतो तिचा जोर ओसरतो. एका बैठकीत काम झालं नाही तर दुसरी लागते. खडा नळीत खाली उतरला असेल तर लघवीच्या वाटेनं दुर्बीण घालून लेझरनं फोडणं आज जास्त चालतं. त्यामुळे डॉक्टरांनी शॉकऐवजी दुर्बीण सुचवली तर ते पैसे काढायला बसले असा संशय लगेच घेऊ नका. ‘माझा खडा किती मोठा, कुठं आणि किती टणक?’ एवढे तीन प्रश्न विचारा.

गरोदर बाईला हा उपचार देत नाहीत. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू असतील, रक्त गोठत नसेल, लघवीत जंतुसंसर्ग असेल किंवा खड्याच्या खाली वाट बंद असेल, तर आधी त्याचा बंदोबस्त करावा लागतो. हृदयविकारासाठी गोळ्या घेत असाल तर ते लपवू नका, आणि त्या स्वतःहून बंदही करू नका.

कळ थांबली म्हणजे खडा पडला असं नाही

या लेखातलं एकच वाक्य लक्षात ठेवायचं असेल तर हे ठेवा. खडा नळीत अडकून बसला की लघवी मागं तुंबते आणि मूत्रपिंड फुगतं. सुरुवातीला जीव जाईल अशी कळ येते. पुढं कळ कमी होते, माणूस म्हणतो सुटलो. प्रत्यक्षात तुंबारा तसाच असतो आणि आतलं मूत्रपिंड हळूहळू निकामी होत असतं. चारी तुंबली की पिकाची मुळं कुजतात, वरची पानं मात्र काही दिवस हिरवीच दिसतात, तसलाच प्रकार. दुसरं मूत्रपिंड काम ओढत राहतं म्हणून बाहेर काही कळत नाही. तेव्हा कळ थांबली तरी सोनोग्राफी करून खडा खरंच पडला का ते पाहा.

कळेबरोबर थंडी वाजून ताप आला, किंवा लघवीच बंद झाली, तर सकाळची वाट पाहू नका. नेप्तीच्या लिलावाचा दिवस असला तरी कांद्याची गाडी दुसऱ्याच्या हवाली करा आणि दवाखाना गाठा. अडलेल्या लघवीत संसर्ग झाला तर जिवावर बेततं.

हुलग्याचं माडगं, पानफुटीचा रस हे आपल्याकडे चालत आलेलं आहे. माडगं प्यायल्यानं पोटात पाणी जातं, ते चांगलंच. पण त्यानं सेंटिमीटरभराचा अडकलेला खडा फुटेल अशा आशेवर सहा-सहा महिने घालवू नका.

आतली नळी काढायला विसरू नका

खडा फोडताना किंवा दुर्बिणीनंतर कधी कधी मूत्रपिंडापासून मूत्राशयापर्यंत एक मऊ नळी ठेवतात. तिला डीजे स्टेंट म्हणतात. ती तात्पुरती असते, सहसा काही आठवड्यांत काढायची असते. पण बरं वाटलं की आपण कांदा काढणीत गुंततो, मग लागवड येते, आणि नळी आतच राहते. वर्ष उलटलं की तिच्यावरच खडे चढतात आणि ती काढायला पुन्हा मोठी शस्त्रक्रिया लागते. घरी आलात की नळी काढायची तारीख कॅलेंडरवर लिहा आणि घरच्यांनाही सांगून ठेवा.

टाच, हृदय आणि जाहिराती

लाटांचा वापर पुढं इतरत्रही झाला. टाचेच्या जुनाट दुखण्यासाठी अमेरिकेत २००० साली यंत्राला मान्यता मिळाली. दिवसभर ढेकळांत उभं राहणाऱ्यांना हे दुखणं ओळखीचं आहे. आधी चांगलं पादत्राण, पोटरी ताणण्याचे व्यायाम, विश्रांती. त्यानं महिनोन्‌महिने फरक पडला नाही तर लाटांचा विचार करतात. गुण काहींना येतो, सगळ्यांना नाही. स्वादुपिंडाच्या नळीतले खडे फोडण्याचं मोठं काम हैदराबादच्या एशियन इन्स्टिट्यूट ऑफ गॅस्ट्रोएंटेरॉलॉजीत झालं आहे. हृदयाच्या रक्तवाहिनीत चुना साचून ती दगडासारखी झाली तर आतून बारीक फुगा नेऊन लाटांनी तो तडकवतात आणि मग स्टेंट बसवतात. पित्ताशयाच्या खड्यांवरही १९८० च्या दशकात हा प्रयोग झाला, पण खडे पुन्हा होत. आता पित्ताशयच दुर्बिणीनं काढतात.

सार असं, की जिथं फोडायला कठीण वस्तू आहे तिथं लाटेचं काम उघड दिसतं. बाकी दुखण्यांत फायदा मध्यम. ‘कोणताही आजार, बिनऑपरेशन, शंभर टक्के खात्री’ अशी पाटी दिसली तर बोगस बियाण्याच्या पाकिटाकडे जसं बघता तसं तिच्याकडे बघा.

खर्चाचं म्हणाल तर महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजनेत मूत्रमार्गाच्या अनेक शस्त्रक्रिया येतात. रेशनकार्ड आणि आधारकार्ड घेऊन योजनेतल्या रुग्णालयात आरोग्यमित्राला भेटा. आपला उपचार यादीत बसतो का, हे दाखल होण्याआधीच विचारून घ्या.

स्वतःच्या पाण्याचा हिशेब

खडा फोडला तरी पाणी कमीच पीत राहिलात तर तो पुन्हा होतो. आपला भाग पर्जन्यछायेचा, उन्हाळी कांद्याची काढणी ऐन मार्च-एप्रिलच्या उन्हात. घामावाटे पाणी जातं, लघवी घट्ट होते, क्षार साचतात. दिवसाला दोन-अडीच लिटर लघवी व्हावी इतकं पाणी प्यायचं, म्हणजे उन्हात तीन लिटरच्या पुढंच. लघवी फिकट दिसली पाहिजे. ज्यांना हृदयाचा किंवा मूत्रपिंडाचा आजार आहे त्यांनी प्रमाण डॉक्टरांना विचारावं. मीठ कमी करा. दूध-दही बंद करू नका, त्यातला कॅल्शियम पोटात ऑक्झलेटला बांधून ठेवतो.

शेवटी आपल्या भगिनींविषयी. कांदा काटायला आलेल्या बाया दिवसभर पाणी पीत नाहीत. तहान नसते म्हणून नव्हे, वावरात आडोसा नसतो म्हणून. बाई संध्याकाळपर्यंत लघवी दाबून ठेवते, आणि त्यातून संसर्ग आणि खडे दोन्ही होतात. ठिबकचा एकेक ड्रिपर तपासणाऱ्या शेतकऱ्याला बांधाच्या कडेला चार बांबू आणि शेडनेटचा तुकडा लावणं जड नाही. या हंगामात पाण्याच्या हंड्याबरोबर तेवढा आडोसा उभा करा. हजार रुपयांच्या आत होणारं हे काम कुणाचं तरी मूत्रपिंड वाचवील.