बदलांच्या वहीतील नेमकी नोंद

आपल्या बीदर व कलबुर्गी जिल्ह्यांतील शेतकऱ्याच्या घरी ‘पहाणी’ हा शब्द कोणास ठाऊक नाही? शेत कोणाच्या नावे आहे, त्यात पीक कोणते, हे पहाणी सांगते. परंतु ते नाव तेथे केव्हा चढले आणि कशाच्या आधारे चढले, हे पाहावयाचे असेल तर म्युटेशनच्या, म्हणजे फेरफाराच्या, नोंदीकडे वळावे लागते. कर्नाटक सरकारच्या ‘भूमी’ योजनेने सन २००० च्या सुमारास ही दप्तरे संगणकावर आणली. वारसाहक्काचा वाद उभा राहिला, की आजच्या पहाणीपेक्षा जुना फेरफारच अधिक बोलतो.

संगणकावर लेखन करणाऱ्यांपाशीही अशीच एक फेरफार-वही असते. तिचे नाव ‘गिट’. ‘लिनक्स’ या प्रणालीवर देशोदेशींचे लोक एकाच वेळी काम करीत. त्यांच्या दुरुस्त्यांचा मेळ राहावा म्हणून लिनस टोरवाल्ड्स यांनी एप्रिल २००५ मध्ये ती रचली. तीतील प्रत्येक नोंदीस ‘कमिट’ म्हणतात. कमिटमध्ये बदल करणाऱ्याचे नाव, तारीख व बदलाची टीप असते. शिवाय मागील नोंदीचा क्रमांक असतो, म्हणून नोंदी साखळीप्रमाणे जोडलेल्या राहतात. ‘गिट लॉग’ अशी आज्ञा दिली, की ही साखळी पडद्यावर उलगडते, नवी नोंद आधी आणि जुनी नंतर. लिनक्सच्या वहीत दहा लाखांहून अधिक नोंदी आहेत. त्या वाचीत बसणारा माणूस अजून जन्मावयाचा आहे! म्हणून चाळणी हवी.

समजा, काही मुलांनी २०१२ साली आपल्या दोन जिल्ह्यांच्या माहितीची पुस्तिका गिटमध्ये लिहावयास घेतली. १ नोव्हेंबर २०१४ रोजी गुलबर्ग्याचे अधिकृत नाव कलबुर्गी झाले. कोणा उत्साही विद्यार्थ्याने एका झटक्यात सर्वत्र नवे नाव घातले. आजचा पत्ता त्याने बरोबर केला, हे खरे. पण १९५६ साली हैदराबाद राज्यातून म्हैसूर राज्यात आलेल्या जिल्ह्याचे तेव्हाचे नावही त्याने पुसून टाकले. आजोबांच्या जुन्या दाखल्यावरील ‘गुलबर्गा’ हा शब्द ज्याला पुस्तिकेत शोधावयाचा आहे, त्याची पंचाईत झाली. आता हा बदल हुडकावयाचा कसा?

(या आज्ञा रोमन अक्षरांत टाइप कराव्या लागतात, येथे केवळ त्यांचे उच्चार देत आहे.) ‘वन-लाइन’ म्हटले, की प्रत्येक नोंद एका ओळीत येते. ‘सिन्स’ व ‘अन्टिल’ यांनी तारखांची हद्द आखता येते. ‘ऑथर’ने एकाच माणसाच्या नोंदी निवडता येतात, तर ‘ग्रेप’ने टिपेतील शब्द शोधता येतो. आज्ञेच्या शेवटी फाइलीचे नाव दिले, की तेवढ्या फाइलीचेच फेरफार दिसतात. ‘ऑथर’ आणि ‘ग्रेप’ एकत्र दिले तर दोन्ही अटी पाळणाऱ्या नोंदी मिळतात. मात्र ‘ग्रेप’ दोनदा दिले तर दोहोंपैकी एक शब्द असला तरी पुरते.

परंतु आमच्या विद्यार्थ्याने टीप लिहिली होती ती नुसती ‘दुरुस्ती’. अशा टिपेपुढे ‘ग्रेप’ काय करणार? येथे मोठ्या लिपीतील ‘एस’ कामास येतो, आणि माझ्या मते सर्वांत गुणी चाळणी हीच. ती टीप पाहत नाही, मजकूर पाहते. ‘गुलबर्गा’ हा शब्द फाइलीत जितक्या वेळा होता, ती संख्या ज्या कमिटने वाढली वा घटली, तेवढीच कमिटे ती पुढे करते. शब्द कोणी आणला व कोणी काढला, दोन्ही सापडतात. मग १९५६ च्या वाक्यापुरते जुने नाव परत घालता येते.

तारखेच्या बाबतीत मात्र सावध असावे. कमिटला दोन तारखा असतात: बदल मुळात लिहिला ती, आणि तो वहीत चढला ती. नेहमीची यादी पहिली दाखवते, तर ‘सिन्स’ दुसरीवरून निवडते. म्हणून मार्चनंतरच्या नोंदी मागितल्या असता एखादी जानेवारीची हजर होते. नावाचेही तसेच, लिहिणाऱ्याने आपल्या यंत्रात जे नाव घातले असेल तेच वहीत उतरते, तेथे तलाठ्याची सही नसते. एकच विद्यार्थी घरी एका नावाने व शाळेत दुसऱ्या नावाने लिहीत असेल, तर ‘ऑथर’च्या चाळणीतून त्याचे निम्मे काम निसटते.

यादी लांब असली, की ती पानापानांनी उघडते. पुढील पानासाठी स्पेसची पट्टी दाबावी, आणि बाहेर पडण्यास ‘क्यू’ हे अक्षर. हे ठाऊक नसल्याने नवखी मंडळी बराच वेळ पडद्यापुढे अडकून बसतात.