प्लॅटिनमचें छायाचित्र आणि शाईचें यंत्र

छायाचित्र म्हणजे उजेडानें काढलेलें चित्र, हें सर्वांस ठाऊक आहे. परंतु तें चित्र कागदावर कोणत्या पदार्थाचें बनलेलें असतें, आणि त्या पदार्थावर त्याचें आयुष्य कसें अवलंबून असतें, याचा विचार सहसा होत नाहीं. घरांतील जुनी ट्रंक उघडली म्हणजे हा भेद आपोआप दिसून येतो. पणजोबांचें एखादें चित्र शंभर वर्षांनंतरही स्वच्छ असतें; उलट १९८० च्या सुमाराचा रंगीत फोटो तांबूस होऊन त्यांतील चेहरे पुसट झालेले असतात. आणि आज खिशांतल्या फोनमध्यें हजारों चित्रें असूनही त्यांतील एकही कागदावर उतरलेलें नाहीं, अशीं घरें थोडीं नसतील. आजच्या यंत्रानें घेतलेल्या चित्रास जुन्या कागदाचें दीर्घायुष्य देतां येईल काय, हा प्रश्न म्हणूनच केवळ हौशी लोकांचा राहत नाहीं. शाईचें छापयंत्र आणि हातानें केलेली प्लॅटिनम-प्रत यांची जी सांगड घातली गेली आहे, ती या प्रश्नाचें एक उत्तर होय.

नेहमींची काळी-पांढरी प्रत चांदीची असते. कागदावर जिलेटिनचा, म्हणजे शुद्ध सरसाचा, पातळ थर असून चांदीचे सूक्ष्म कण त्यांत रुतलेले असतात. पूजेचें चांदीचें तबक जसें हवेनें काळवंडतें, तशी ही चांदीही हवेंतील गंधकानें कालांतरानें विटते. प्लॅटिनमला ही भीति नाहीं. विल्यम विलिस या इंग्रज गृहस्थानें १८७३ सालीं प्लॅटिनमच्या प्रतीचें पहिलें पेटंट घेतलें. या प्रतींत सरसाचा थर नसतो. धातु कागदाच्या तंतूंतच बसतो. म्हणून चित्रास चकाकी नसते, आणि काळ्यापासून पांढऱ्यापर्यंतच्या छटा अतिशय हळुवारपणें उतरत जातात.

गंमत अशी कीं, उजेड टिपण्याचें काम प्लॅटिनम करीत नाहीं. तें लोखंड करतें. फेरिक ऑक्झॅलेट नांवाचा लोहक्षार आणि प्लॅटिनमचा क्षार यांचें मिश्रण मंद उजेडांत ब्रशानें कागदावर सारवितात. कागद वाळला कीं त्यावर निगेटिव्ह ठेवून तो कांचेच्या चौकटींत घट्ट बसवितात व उन्हांत धरतात. उन्हांतील अतिनील किरण लागतील तेथें फेरिक क्षाराचा फेरस क्षार होतो. पुढें कागद पोटॅशियम ऑक्झॅलेटच्या द्रावणांत बुडवितांच हें फेरस लोह प्लॅटिनमचा शुद्ध धातु मोकळा करतें, आणि चित्र क्षणार्धांत प्रकट होतें. शेवटीं उरलेलें लोखंड सौम्य आम्लानें धुऊन काढतात. तें मागें राहिलें तर कागद पिवळा पडतो. इंजिनिअरांचे निळे नकाशे याच कुळांतले. ती कृति जॉन हर्शेल यानें १८४२ सालीं शोधिली.

ही विद्या आपल्या प्रांतास नवी नाहीं. मुंबईस १८५४ सालींच फोटोग्राफिक सोसायटी स्थापन झाली, व डॉ. भाऊ दाजी लाड तिचे सभासद होते. १८९० च्या सुमारास मुंबईचे शापूर भेदवार नाटकांतील प्रवेशाप्रमाणें माणसें मांडून चित्रें घेत. त्यांच्या प्लॅटिनम-प्रती आजही संग्रहांत जतन केलेल्या आहेत. परंतु पहिलें महायुद्ध सुरू झालें, स्फोटक द्रव्यांस लागणारें नायट्रिक आम्ल तयार करण्यासाठीं प्लॅटिनमला मागणी आली, आणि त्याची किंमत भडकली. छायाचित्रकार पॅलेडियम या भावंड-धातूकडे व पुढें चांदीकडे वळले. पुढें तयार प्लॅटिनम-कागद बाजारांतून नाहींसा झाला. १९६० नंतर अमेरिकेंतील अर्व्हिंग पेन यांनीं स्वतः कागद सारवून ही कला पुन्हां उजेडांत आणली. अलीकडे गोव्यांत पी. माधवन यांच्या गोवा सेंटर फॉर आल्टरनेटिव्ह फोटोग्राफी या संस्थेनें जुन्या हस्तकृतींच्या शिक्षणाचें काम केलें आहे.

तरीही एक अडचण होतीच. लोहक्षार फार मंद असल्यामुळें साध्या एन्लार्जरच्या दिव्यानें चित्र मोठें करून छापतां येत नाहीं. जेवढी प्रत, तेवढीच निगेटिव्ह लागते. आठ इंच रुंद व दहा इंच लांब प्रत हवी असल्यास तेवढाच प्रचंड कॅमेरा पाहिजे! ही गांठ संगणकानें सोडविली. अमेरिकेंतील डॅन बर्कहोल्डर यांनीं १९९५ सालच्या आपल्या पुस्तकांत संगणकावरून निगेटिव्ह तयार करण्याची कृति मांडली. प्रथम ती छापखान्यांतील मोठ्या यंत्रांवर काढीत. पुढें घरगुती शाईचीं यंत्रें सुधारलीं आणि तें काम टेबलावर होऊं लागलें.

शाईचें यंत्र कागदावर शाईचे अतिसूक्ष्म थेंब उडवितें. असा थेंब थोड्याच पिकोलिटरांचा असतो, आणि एक पिकोलिटर म्हणजे एका लिटरचा लक्ष-कोटावा भाग. कागदाऐवजीं पारदर्शक फिल्म घालून चित्र उलटें, म्हणजे काळ्याचें पांढरें व पांढऱ्याचें काळें करून, छापलें कीं निगेटिव्ह तयार झाली. मात्र डोळ्यांस काळी दिसणारी शाई अतिनील किरणांस तितकीच अडवील असें नाहीं. म्हणून पांढऱ्यापासून काळ्यापर्यंतच्या पायऱ्यांची एक पट्टी आधीं छापून, तिची प्लॅटिनम-प्रत काढून, कोठें किती शाई वाढवावी याचें कोष्टक बसवावें लागतें. या कामांत यंत्राचें साह्य मोठें आहे. पण ब्रश फिरविणें, ऊन ओळखणें व कागद धुणें हीं कामें हातालाच करावीं लागतात.

नागपुरांत तर हवेशींही सामना आहे. सारविलेल्या कागदांत थोडा ओलावा असावा लागतो. हवेंत ५० ते ६० टक्के दमटपणा असला म्हणजे काम चांगलें होतें. मे महिन्यांत पारा ४५ अंशांपलीकडे गेला कीं कागद पापडासारखा कडकडीत होतो, काळा रंग फिका पडतो व चित्र रवाळ दिसतें. त्यावर घरचाच उपाय आहे. वाळ्याच्या ताटीनें किंवा कूलरनें गार झालेल्या खोलींत कागद कांहीं वेळ ठेवावा. श्रावणांत याच्या उलट होतें. ओलसर कागदास फिल्मवरील शाई चिकटते. मध्यें पातळ पारदर्शक पत्रा ठेवल्यास हें टळतें. विहिरीच्या चुनखडीच्या पाण्यानें ऑक्झॅलेटचें द्रावण गढूळ होतें, म्हणून तें शुद्ध ऊर्ध्वपातित पाण्यांतच करावें. ऑक्झॅलेट विषारी आहे. त्यास स्वयंपाकाचें भांडें लावूं नये.

सांगड घालण्याचा दुसराही एक प्रकार आहे. त्यांत चित्राचे रंग आधीं शाईच्या यंत्रानें कागदावर फिके छापतात व त्याच कागदावर प्लॅटिनम किंवा पॅलेडियम सारवून काळी-करडी प्रत चढवितात. छायेचें गांभीर्य धातूचें, रंग शाईचा. ओला झालेला कागद आक्रसतो व दोन चित्रें एकमेकांवर बरोबर बसत नाहींत. म्हणून कागद आधींच भिजवून वाळवून घेतात. पाण्यांत विरघळणारी शाई येथें चालत नाहीं. न विरघळणाऱ्या रंगकणांची शाई लागते.

या दोन प्रकारांतील भेद महत्त्वाचा आहे. पहिल्यांत शाई निगेटिव्हपुरतीच असते. अंतिम प्रतींत तिचा लवलेशही राहत नाहीं, आणि कागद चांगला असेल व लोखंड नीट धुतलें असेल तर ती प्रत कागदाइतकीच टिकते. दुसऱ्यांत एकाच चित्रास दोन आयुष्यें असतात. धातु जसाच्या तसा राहील, शाईचे रंग मात्र उजेडानें हळूहळू उडतील. यांत दोष कांहींच नाहीं, पण तें लपविणें हा दोष आहे. दुसऱ्या प्रकारची प्रत निव्वळ प्लॅटिनमची म्हणून विकली, तर घेणाऱ्याची फसवणूक होते, आणि ती भिंतीवर उन्हांत टांगली जाऊन तिचे रंगही लवकर जातात.

जुन्या ट्रंकेंत प्लॅटिनमची प्रत आहे कीं काय, हें ओळखण्याची एक खूण आहे. पृष्ठभाग चकाकी नसलेला असतो, आणि अनेक वर्षें समोर दाबून राहिलेल्या कागदावर त्याच चित्राची पिवळसर उलटी छाया उमटलेली असते. प्लॅटिनमच्या सान्निध्यानें तो कागद लवकर जून होतो. अशी प्रत मिळाल्यास ती आम्लरहित कागदांत गुंडाळून ठेवावी. नवी करविल्यास तिच्या पाठीवर शिसपेन्सिलीनें चित्रांतील माणसाचें नांव, साल, आणि ती कोणत्या धातूची व कोणत्या शाईची आहे हें लिहावें. पुढील पिढीस चेहरा दिसेल, पण नांव मात्र कोणी लिहून ठेवल्याखेरीज कळणार नाहीं.