तलफेचा सरकारी जमाखर्च

ई-सिगारेट, सिगार आणि हुक्का आपल्या अखत्यारीत आणण्यासाठी अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने, म्हणजे एफडीएने, एप्रिल २०१४ मध्ये नियमांचा मसुदा जाहीर केला. सोबतच्या आर्थिक विश्लेषणात एक अजब वजाबाकी होती. धूम्रपान सुटल्यामुळे जो आरोग्यलाभ होईल, त्यातले तब्बल ७० टक्के वजा करायचे. कारण काय, तर सिगारेटबरोबर ती ओढण्याचं सुखही जातं आणि तो ग्राहकाचा तोटाच.

कल्पना तशी पाठ्यपुस्तकातली. डझनभर हापूससाठी तुम्ही आठशे रुपये मोजायला तयार होतात आणि तो सहाशेला मिळाला, तर दोनशे रुपयांचं समाधान पदरात पडलं. याला ‘उपभोक्त्याचं संतोषाधिक्य’ म्हणतात. उद्या सरकारने आंब्यावर बंदी घातली, तर तुमचे हे दोनशे बुडाले.

मात्र हे गणित आपखुशीने, विचार करून खरेदी करणाऱ्याचं आहे. अमेरिकेत रोज सिगारेट ओढणाऱ्या प्रौढांपैकी जवळपास ९० टक्के लोकांनी पहिला झुरका अठरा वर्षांच्या आत घेतलेला असतो. त्यातल्या बहुतेकांना सिगारेट सोडायची असते, पण सुटत नाही. सकाळी उठल्याउठल्या लागणारी सिगारेट बरीचशी रात्रभरात उतरलेलं निकोटिन भरून काढण्यासाठी असते. तलफ भागवायला मोजलेले पैसे सुखाच्या खात्यात जमा केले, की माणूस जितका व्यसनाधीन, तितका तो कागदावर सुखी दिसू लागतो.

एफडीएने २०११ मध्ये सिगारेटच्या पाकिटांवरील सचित्र इशाऱ्यांचा नियम केला, तेव्हाही हीच पद्धत वापरली होती. शिवाय कॅनडाच्या अनुभवावरून या चित्रांमुळे धूम्रपानाचं प्रमाण जेमतेम ०.०८८ टक्के बिंदूंनी घटेल, असा अंदाज मांडला होता. सिगारेट कंपन्यांनी न्यायालयात दाद मागितली. ऑगस्ट २०१२ मध्ये वॉशिंग्टनच्या अपील न्यायालयाने नियम रद्द केला आणि निकालात एफडीएचा हाच आकडा तिच्यावर उलटवला. फ्रँक चालुप्का, केनेथ वॉर्नर, नोबेलविजेते थॉमस शेलिंग आणि पुढे नोबेल मिळवणारे डॅरन असेमोग्लू यांच्यासह नऊ अर्थतज्ज्ञांनी या विश्लेषणाची चिरफाड केली. लाभ कमी धरले आहेत आणि ‘गमावलेलं सुख’ भरमसाट फुगवलं आहे, असं त्यांनी दाखवून दिलं. मार्च २०१५ मध्ये अमेरिकी सरकारने या पद्धतीतून काढता पाय घेतला.

चूक पकडली गेली, कारण हिशेब चव्हाट्यावर होता. मोठ्या नियमांचे लाभ आणि खर्च मांडून दाखवणं अमेरिकी संस्थांना १९९३ च्या अध्यक्षीय आदेशाने बंधनकारक आहे.

आपल्याकडे सप्टेंबर २०२५ मध्ये जीएसटी परिषदेने सिगारेट आणि गुटख्यासाठी ४० टक्क्यांचा दर ठरवला. विडीवरचा दर मात्र २८ वरून १८ वर आणला. असा निर्णय घेण्याआधी त्याचा जमाखर्च जाहीर करण्याचं बंधन परिषदेवर नाही. विडीवर कर वाढवायची भाषा निघाली, की कामगारांच्या पोटाचा प्रश्न पुढे येतो. तो खोटा नाही. सोलापुरात आणि सिन्नर-संगमनेरकडे हजारी दराने विड्या वळणाऱ्या बायकांची मजुरी हिशेबात यायलाच हवी. पण त्याच पानावर दुसरी बाजूही हवी. विडीमुळे होणाऱ्या आजारांचा आणि अकाली मृत्यूंचा भुर्दंड २०१७ मध्ये सुमारे ८०,५५० कोटी रुपये होता, असा एका अभ्यासाचा निष्कर्ष आहे. विडीवरील अबकारी उत्पन्न त्याच्या जेमतेम अर्धा टक्का भरत होतं.

या ८०,५५० कोटींतही अकाली गेलेल्या माणसाच्या बुडालेल्या कमाईबद्दल काही गृहीतकं आहेत. तीही तपासावीत. दर कमी केल्याने किती विड्या जास्त ओढल्या जातील आणि वळणारीच्या हाती त्यातलं किती पडेल, हे परिषदेने पुढच्या वेळी आधी छापावं. मग भांडायला निदान एक आकडा तरी मिळेल.